मावशीच्या ज्वारीवरचा मावा

बांधापलीकडची मावशी भर रस्त्यात कोणत्याही पुरुषाच्या गळ्यातला दुपट्टा ओढायची आणि नाकाला लावून हुंगायची. मग तो पानठेल्यावर उभा असो, एसटीची वाट पाहत बसलेला असो, की पोरीची सोयरीक जुळवायला निघालेला बाप असो. वास बरा वाटला की ती दुपट्टा परत त्याच्या खांद्यावर टाकायची आणि म्हणायची, "जाय." नाही बरा वाटला तर त्याच्यासमोर चिमटीत धरायची. "जहराचा वास येऊन राह्यला. घरी जाय, आंघोळ कर, अन हा सोडा टाकून धुवाले सांग." तो बिचारा चार लोकांत ओशाळून हसायचा. मावशीचा नवरा फवारणीतच गेला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तिच्याशी हुज्जत कोणी घालत नसे.

लग्न होऊन मी नेरजवळच्या या गावात आले, त्याच आठवड्यात तिनं सुधाकरचा दुपट्टा ओढला. सुधाकर म्हणजे माझा नवरा. नवऱ्याला मी नावानंच हाक मारते, गावाला ते अजूनही पचलेलं नाही. आम्ही दोघं बाजारातून येत होतो, माझ्या हातात अजून हिरवा चुडा, आणि समोरून पांढऱ्या लुगड्यातली एक उंच, हडकुळी बाई आली ती सरळ त्याच्या गळ्यालाच हात घालून! "काय हो बाई, लाज आहे की नाही?" मी ओरडलेच. तिनं सावकाश हुंगलं, दुपट्टा त्याच्या खांद्यावर नीट ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सुधाकरभाऊ, बायको चांगली भेटली. भांडते," म्हणाली आणि चालती झाली. मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं होतं. या गावात माझं कौतुक करणारी ती पहिलीच.

नात्यानं ती आमची कोणी नव्हती. तिचं घर गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धपुऱ्यात. शेत मात्र आमच्या वावराला लागून. मधे एक धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर एक जुनी बाभूळ. एकुलती एक मुलगी कुंदा, ती लग्न होऊन वणीला, जावई तिकडे कोळशाच्या ट्रकवर. मावशी एकटीच राहायची आणि एकटीच वावर करायची. मजूर बाया तिच्याकडे तण निंदायला आनंदानं जात, कारण ती त्यांना दुपारी पोटभर जेवू घालायची आणि जेवायच्या आधी त्यांचे हातही हुंगायची. "साबण लाव. अजून लाव. कंजूसपणा कायले करतं?" हे तिचं रोजचं.

तिच्या वावरात पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच, असायची, सगळ्यांसारखी. पण आमच्या धुऱ्याच्या बाजूनं ती न चुकता ज्वारीच्या काही ओळी पेरायची. आमच्याकडे आता ज्वारी कोण पेरतं? रात्रीतून रानडुकरं येतात आणि सगळं लोळवून जातात, उरलंसुरलं पाखरं खातात. मावशीच्या ज्वारीचंही तेच व्हायचं. हुरड्याला चार कणसं हाती लागली तरी खूप. मी एकदा विचारलं, मावशी, घरात दाणा येत नाही, मग पेरता कशाला? "त्याच्यासाठी," ती म्हणाली आणि एक पान उलटून माझ्या नाकासमोर धरलं.

पानाच्या पाठीवर मावा होता. ज्यांनी कधी पान उलटून पाहिलं आहे त्यांना मावा सांगायला नको. खसखशीएवढे मऊ, हिरवट-पिवळे जीव, एकमेकांना खेटून, तोंड पानात खुपसून बसलेले. खालच्या पानावर त्यांचा चिकट पाझर पडलेला, पान तेल लावल्यासारखं चमकत होतं. मला शिसारी आली. मावशी मात्र उकिडवी बसून असं निरखत होती जसं कोणी तान्ह्या लेकराला निरखतं. रोज सकाळी वावरात आली की तिचं पहिलं काम हेच, पानं उलटायची. "याले दुसरा उद्योगच नाही पाय," ती म्हणायची, "खाणं अन लेकरं. खाणं अन लेकरं."

त्या पानांत तिला जे दिसायचं ते ती कोणालाही ऐकवायची, ऐकणाऱ्याला वेळ असो नसो. एकदा म्हणाली, "इतके दिवस पाहून राह्यली ना मी, याच्यात बाप कुठं दिसत नाही व. माय असते, तिच्यापासून पोरी होतात, त्या पोरींले पुन्हा पोरी. सगळं बायाबायांचंच घर." मग म्हणाली, "माह्या घरासारखं. मी अन कुंदी." एवढं बोलून ती पुढच्या झाडाकडे सरकली. पुढे माझ्या पुतणीनं शाळेच्या पुस्तकात वाचून सांगितलं की माव्याचं खरंच तसं असतं, बरेच दिवस त्यांना नर लागतच नाही. मी मावशीला मोठ्या उत्साहानं जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "पुस्तकवाल्यायले सांग, चांगलं लिहिलं."

माव्यामागून मुंग्या यायच्या, चिकट पाझर चाटायला. "मुंग्या धार काढून राह्यल्या," मावशी म्हणायची. आणि मुंग्यांमागून काही दिवसांनी लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे यायचे, ते माव्यावर तुटून पडत. त्यांना तिनं नाव ठेवलं होतं, जावई. "आले पाय जावई! आता बसतीन पंगतीले. हात आखडायचं नाव नाही." ज्वारीवर पोट भरून हे जावई तिच्या पऱ्हाटीतही फिरायचे, आमच्या पऱ्हाटीतही यायचे. म्हणूनच ती ज्वारी पेरायची. पऱ्हाटीवर मावा दिसला की बाकी सगळे पंप उचलत, ती जावयांची वाट पाहत बसायची. "थांबा ना आठ-चार दिवस. येऊन राह्यले थे."

असं नाही की तिचं नेहमी जमायचं. एका वर्षी आभाळ दिवसेंदिवस गच्च राहिलं, पाऊस धड पडेना, धड उघडेना, आणि जावई आलेच नाहीत. तिच्या पऱ्हाटीची पानं काळी पडली, वाकडी झाली. कापूस तर तिचा दरसाल आमच्यापेक्षा कमीच यायचा. गावातले लोक म्हणत, मावशी मावा पाळते, लोक म्हशी पाळतात तसा. कोणी म्हणे ती पंचशीलाची बाई आहे, जीव मारायचा नाही म्हणून फवारत नाही. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती खो खो हसली. "उवा नाही का मारत मी? ढेकूण नाही का मारत? शीलाचं नाव कायले घेता? मले माणसाच्या जिवाची भीती हाय, माव्याची नाही."

फवारणीच्या द्रवाला आमच्याकडे सगळे औषध म्हणतात. तिच्यासमोर तो शब्द काढायची सोय नव्हती. "औषध काहून म्हणता? औषध माणूस बरा व्हाले घेते. जहर म्हणा." पण दुसऱ्याच्या वावरात फवारणी सुरू असली तर ती भांडायला जात नसे. ती बाभळीखाली पाण्याची मोठी टाकी भरून ठेवायची, दगडावर साबणाची वडी ठेवायची, आणि फांदीला आपल्या जुन्या लुगड्यांचे धुतलेले तुकडे लटकवायची. आजूबाजूच्या वावरांत फवारणारे लोक तिथं येऊन हातपाय धूत, तोंड पुसत. बाभळीला एवढी पांढरी फडकी लागलेली पाहून नवखा माणूस विचारायचा, हे काय नवसाचं झाड आहे का?

आमचं कडाक्याचं भांडण झालं ते एका भादव्यात, पोळा होऊन गेल्यावर. आभाळ भरून होतं आणि आमच्या पऱ्हाटीवर मावा चढला होता. पानं खालून चिकट, शेंडे मुडपलेले. मी धुऱ्यावर गेले आणि तिची ज्वारी पाहिली, तर पान न् पान माव्यानं लडबडलेलं! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मावशी, तुम्ही इथं मावा पोसता आणि तो आमच्या पऱ्हाटीवर येतो, ही ज्वारी उपटा. ती म्हणाली, "ज्वारीचा मावा ज्वारीवर, पऱ्हाटीचा पऱ्हाटीवर. त्यायची आपसात सोयरीक नाही व." मी म्हटलं, मावा काय धुरा पाहून चालतो का? निंदणाऱ्या बाया हसल्या, आणि तिथंच ती चिडली. मला म्हणाली की तुझी जीभ वावरापेक्षा लांब आहे. मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही, मीही चार शब्द सुनावले. मग आमचं बोलणं बंद. ती धुऱ्याकडून जाताना तोंड फिरवायची, मीही फिरवायची. सुधाकर म्हणायचा, तुम्हा दोघींचं पाहून वाटतं सख्ख्या मायलेकी आहात.

सुधाकरनं फवारायचं ठरवलं. दुकानातून दोन बाटल्या आणल्या, दोन्ही एकत्र करून मारायच्या म्हणाला, एका मेहनतीत काम होईल. त्या दिवशी सकाळपासून वारा बंद होता आणि अंगातून नुसत्या धारा. पाठीवर चार्जिंगचा पंप, पऱ्हाटी छातीपर्यंत आलेली, आणि तोंडाला बांधलेला तो एकच दुपट्टा. आमच्याकडचे पुरुष एवढंच करतात. दुपट्टा बांधला की झालं त्यांचं संरक्षण! मी डबा घेऊन दुपारी निघाले, तोपर्यंत त्याचं अर्ध्याच्या वर वावर फवारून झालं होतं.

मी पोचले तेव्हा तो पऱ्हाटीत बसलेला होता. पंप बाजूला पडलेला, दुपट्टा गळ्यात उतरलेला, अंग घामानं निथळत होतं. "दिसत नाही गं नीट," तो म्हणाला. मग त्याला उलटी झाली. तोंडातून लाळ गळायला लागली, थांबेचना. मी डबा टाकला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याच्याच गळ्यातला दुपट्टा घेऊन त्याचं तोंड पुसायला लागले. दुसरं होतं काय माझ्या हाताशी? कोणतीही बायको हेच करेल.

आणि कुठून कोण जाणे, धुरा ओलांडून मावशी आली. या वयात ती इतकी पळू शकते हे मला माहीत नव्हतं. तिनं माझ्या हातावर असा फटका मारला की बांगड्या फुटल्या. "टाक थो दुपट्टा! टाक म्हणतो ना!" मी टाकला. तिनं तो पायानं लांब ढकलला. मग सुधाकरचा सदरा ओढून फाडलाच, बनियन काढली, आणि बाभळीखालच्या टाकीतलं पाणी घागरीनं आणून त्याच्या अंगावर ओतायला लागली. मला साबण दिला. "चोय. मानेले, काखेत, केसात. रडू नोको, चोय." बाया धावत आल्या, कोणीतरी ऑटो आणला. ऑटोत तिनं त्याला आपल्या फांदीवरचं एक धुतलेलं फडकं गुंडाळलं आणि दुसरं मला पुसायला दिलं. नेरच्या दवाखान्यात सुई दिली आणि पुढे यवतमाळला न्यायला सांगितलं. वाटभर ती त्याच्या गालावर चापट्या मारत होती. "सुधाकरभाऊ, झोपू नोको. बायकोले शिव्या दे, पण बोल."

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आंघोळ घातली ते फार बरं केलं, पण अजून काही सांगता येत नाही. आम्ही दोघी वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसलो. आमचं बोलणं बंद होतं हे दोघींनाही आठवलं नाही. मावशी आपणहून बोलायला लागली, माझ्याकडे न पाहता.

"कुंदाच्या बापाले म्या असंच पुसत नेलं व. बंडीत, मंग जीपमधे. घाम आला की पूस, लाळ आली की पूस. डोयावर ठेव म्हणे, गार वाटते. त्याच दुपट्ट्यानं. सकाळपासून थोच तोंडाले बांधून फवारत होता थो. ओला गच्च होता. मले वाटलं घामानं ओला हाय." मग म्हणाली, "दवाखान्यात नर्सबाईनं माह्या हातातून ओढला अन फेकला. म्हणे, बाई, याच्यातच तर सगळं जहर हाय, हे काय करून राह्यल्या? मले वाटत होतं सेवा होऊन राह्यली."

मी म्हणाले, मावशी, तुम्हाला कुठं माहीत होतं? "नव्हतंच माहीत," ती म्हणाली. "आता माहीत हाय ना. म्हणून तर नाक घेऊन फिरावं लागते. अन कायच्यासाठी गेला थो? एवढ्याशा माव्यासाठी. नखानं चिरडला जाते थो. थांबलो असतो आठ दिवस तर काय झालं असतं?" तेव्हा मला कळलं की ती रोज सकाळी पानं उलटून काय पाहते. ज्याच्यासाठी तिचा माणूस गेला तो जीव आहे तरी केवढा, हेच ती इतकी वर्षं पाहत होती. मी तिचा हात धरला आणि रडले. तीही रडली.

सुधाकर वाचला. कितीतरी दिवस त्याला धूसर दिसायचं, भिंत चाचपत चालायचा, पण वाचला. घरी आल्यावर मावशी भेटायला आली तेव्हा त्यानं स्वतःच गळ्यातला दुपट्टा काढून तिच्यासमोर धरला. तिनं हुंगला, त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "जाय." तो म्हणाला, कुठं जाऊ मावशी, हे माझंच घर आहे! त्या आजारपणानंतर तो पहिल्यांदा हसला तो त्या दिवशी.

फवारणी आम्ही सोडली असं मी म्हणणार नाही. सोडवत नाही, वावर डोळ्यांदेखत जाताना बघवत नाही. पण आता सुधाकर आधी थांबतो, पानं उलटतो, जावई आले का पाहतो. फवारावंच लागलं तर वारा पाहून, अंगभर कपडे आणि तोंडाला मास्क घालून, आणि दुपट्टा घरी खुंटीला ठेवून. धुऱ्याच्या आमच्या बाजूनंही आम्ही ज्वारीच्या दोन ओळी पेरतो. डुकरं तीही खातात, मेली.

पुढे काही वर्षांनी मावशी गेली ती भादव्यातच, फार काही न होता. दोन दिवस ताप होता, कुंदा वणीहून येऊन पोचली, आणि सकाळी चहा मागून मावशी चहा यायच्या आधीच गेली. आदल्या दिवशी मी भेटायला गेले होते तेव्हा तिनं विचारलं होतं, "ज्वारीवर चढला का मावा?" मी म्हटलं, चढला. "अन जावई?" मी म्हटलं, नाही आले अजून. "येतीन," ती म्हणाली. त्यानंतर आमचं बोलणं झालंच नाही. माझी आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते, आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही.

अंगणात तिला ठेवलं होतं. बुद्धवंदना झाली, अंगावर पांढरं पातळ पांघरलं, लोक फुलं वाहत होते. सुधाकर सकाळीच नेरला जाऊन नवा पांढरा दुपट्टा घेऊन आला होता. तो पुढे झाला तशी पुऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "बाईमाणसाच्या अंगावर दुपट्टा कायले रे बापू? लुगडं आणाचं होतं." कुंदा म्हणाली, "टाकू द्या त्यायले."

त्यानं घडी मोडली. आणि तो तिच्या अंगावर घालायच्या आधी, सगळ्या गावासमोर, त्यानं दुपट्टा नाकाला लावला आणि सावकाश हुंगला. कोणी हसलं नाही. मग त्यानं तो मावशीच्या खांद्यावर नीट पसरला, सुरकुती काढली, आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, "जाय."